व्हिक्टोरिया (सेशेल्स) : आईला घेऊन जातेय, राजधानीतच राहायचंय, सल्ला हवा

पावशी :
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि आई सेशेल्सला जातोय, सहा रात्री. आईचं वय ६८, गुडघे दुखतात पण सपाटीवर तासभर आरामात चालते. मुंबईहून थेट विमानाची तिकिटं काढून झालीत. आता अडचण अशी की जो ट्रॅव्हलवाला भेटतो तो एकच प्लॅन पुढे करतो, विमानतळावरून सरळ जेट्टी, बोटीने प्रालँ बेट, मग ला डीग बेट, रिसॉर्ट, बीच आणि परत. व्हिक्टोरियाचं नाव काढलं की म्हणतात तिथे काय आहे, दोन तासांत बघून होतं. आमचं गाव मालवणजवळ, समुद्र आम्हाला नवा नाही. मला तिथली माणसं बघायचीत, बाजारात फिरायचंय, ती क्रिओल भाषा कानावर पडायला हवीय. त्यामुळे निदान तीन रात्री शहरात राहायचा विचार आहे, वेडेपणा तर नाही ना? दुसरं म्हणजे बाबा गेल्यापासून आईने मासे सोडलेत, अंडंही नाही, तिच्या जेवणाचं काय करू? कोणी राहून आलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

दोनचाकी :
मी गेलो होतो जुलैमध्ये. खरं सांगतो, व्हिक्टोरिया खूपच छोटं आहे, सव्वीस हजारांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव. घड्याळ, मार्केट, देऊळ, बाग, अर्ध्या दिवसात झालं. तीन रात्री जास्त होतील असं माझं मत. आणि जुलैत बोटीने प्रालँला जाऊ नका कोणी, आग्नेयेचा वारा असतो, तासाभराच्या प्रवासात अर्धी बोट उलट्या करत होती. ऑक्टोबरअखेर वारा पडलेला असतो, तुम्हाला तो त्रास व्हायचा नाही.

सांजदीप :
तिकिटं झाली नसती तर म्हटलं असतं मॉरिशसला जा. क्रिओल तिथेही घरोघरी बोलतात, शिवाय आपली मराठी माणसं आहेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि पोर्ट लुईमध्ये आप्रवासी घाट आहे जिथे हिंदुस्थानातले मजूर उतरायचे. पुढच्या वेळी नक्की विचार करा.

पावशी :
सांजदीप, मॉरिशस यादीत आहेच हो, आईच्या ओळखीचं एक कुटुंबही आहे तिकडे. या वेळी सेशेल्स पक्कं.

खारा_वारा :
पावशीताई, वेडेपणा अजिबात नाही. मी नोकरीनिमित्त दोन वर्षं व्हिक्टोरियात राहिलोय आणि लोक या शहराला बॅगा ठेवायची जागा समजून निघून जातात याचं मला अजूनही वाईट वाटतं, म्हणून जरा लांबण लावतो.

अर्ध्या दिवसात होतं ते "बघून" होतं. पण तुम्हाला माणसं बघायचीत ना, मग वार सांभाळा, बाकी सगळं दुय्यम. शनिवारची सकाळ शहरातच हवी आणि रविवार शहरात नको. शनिवारी पहाटेपासून सेल्विन-क्लार्क मार्केट भरतं (१८४० चं आहे, नंतर दुरुस्त केलंय), अख्खं माहे बेट (व्हिक्टोरिया ज्यावर आहे ते) तिथे लोटतं, आणि दुपारी जे सगळं मिटतं ते सोमवारपर्यंत. रविवारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मी पहिल्यांदा शनिवारी दुपारी उतरलो होतो, रविवारभर बिस्किटं खाऊन काढली, कोणी सांगितलंच नव्हतं.

मार्केटमध्ये आधी मासळीच्या कट्ट्यांकडे जा, आई खात नसल्या तरी मालवणच्या आहेत, बघायला आवडेल. बांगडा असतो, त्याला ते माक्रो म्हणतात. आपल्या तांबोशीच्या जातीचा लाल मासा बुर्झ्वा, तो त्यांचा मानाचा. कट्ट्यांवर गायबगळे ठाण मांडून बसलेले असतात, त्यांना लोक मादाम पातों म्हणतात, कोळी मासा साफ करता करता आतडी त्यांच्याकडे भिरकावतात. पलीकडे भाजी, दालचिनीच्या साली, व्हॅनिलाच्या शेंगा, बाटल्यांत भरलेल्या मिरच्या. कढीपत्ता दिसला की नाव विचारा, कारिपिले म्हणतील. शब्द तमिळ लोकांबरोबर आला आणि तिथलाच झाला. वांग्याला ब्रेंझेल, चटणीला सातिनी, बिलिंबीला बिलेंबी. आणि नीरफणस!! फ्रियापें. कापं तळून पाकिटातून विकतात, निखाऱ्यावर अख्खा भाजतात, नारळाच्या दुधात शिजवतात. जो नीरफणस खाऊन जातो तो सेशेल्सला परत येतो असं तिथे म्हणतात.

चालायचं म्हणाल तर घड्याळापासून सुरुवात करा. लॉर्लोज म्हणतात त्याला, १९०३ चं, लंडनमधल्या व्हिक्टोरिया स्टेशनजवळच्या लिटल बेनची नक्कल, चौकाच्या मधोमध, चंदेरी रंगाचं. त्याच वर्षी सेशेल्स मॉरिशसपासून तोडून वेगळी वसाहत केली होती. तिथून मार्केट पाच मिनिटं, मार्केटच्या मागे क्विन्सी स्ट्रीटवर नवशक्ती विनायगर मंदिर, दाक्षिणात्य पद्धतीचं रंगीत गोपुर, १९९२ पासूनचं. आईंना तिथे सकाळीच न्या, पूजा चालू असते. थोडं वर कॅथलिक कॅथेड्रल आणि त्याच्या शेजारी पाद्र्यांचं जुनं निवासस्थान, १९३४ चं, सगळ्या शहरात मला तीच इमारत सुंदर वाटते. त्या चर्चचं घड्याळ प्रत्येक तास दोनदा वाजवतं, थोड्या वेळाच्या अंतराने. पहिल्यांदा ऐकलं तर मोजायला चुकलो असं वाटतं, चुकलेले नसता तुम्ही.

बोटॅनिकल गार्डन मॉं फ्लरीला आहे, घड्याळापासून पंधरा-वीस मिनिटं, चढ जवळजवळ नाही. परदेशी लोकांना तिकीट आहे पण द्या. प्रचंड कासवं (अल्दाब्रा बेटांवरची, आईंना हाताने पाला भरवता येईल), झाडांवर फळं खाणारी मोठी वटवाघळं, आणि कोको द मेर म्हणजे जोडनारळाची झाडं. प्रालँची व्हाले द मे (या झाडांचं जंगल) जमली नाही तर इथे तरी ते फळ नीट बघा. जगातलं सगळ्यात मोठं बी. आपल्याकडे साधूंचा काळा कमंडलू असतो ना, तो याच नारळाच्या कवटीचा, वैद्य त्याला दर्याई नारळ म्हणायचे. झाड कोणी पाहिलेलं नव्हतं, फळ लाटांबरोबर वाहत यायचं, म्हणून ते समुद्राच्या तळाशी उगवतं अशी समजूत होती. विकत घेणार असाल तर नंबरचा टॅग आणि परवाना असलेलंच घ्या, नाहीतर विमानतळावर अडवतात.

एक दिवस सां सूसी रस्त्याने वर जा, मिशन लॉज. टॅक्सी केली तर भाडं बसायच्या आधीच ठरवा, मला एकाने दुप्पट लावलं होतं. गाडीपासून थोडंसंच चालायचं आहे, दोन्ही बाजूंना उंच झाडांची रांग, शेवटी माचीवरून अर्धं बेट दिसतं. त्या जागी १८७६ मध्ये शाळा होती, गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेल्यांच्या मुलांची. आता चौथरे उरलेत. एरवी लोक फोटो काढतात आणि निघतात, तुम्ही जरा बसा तिथे.

फणसगरा :
खारा_वारा, अजून लिहा ना, क्रिओल संस्कृती म्हणजे नेमकं काय ते.

खारा_वारा :
मी अभ्यासक नाही, तिथे जे ऐकलं-वाचलं ते सांगतो. या बेटांवर मूळ रहिवासी कोणीच नव्हते. १७७० साली पहिलं जहाज आलं त्यात अठ्ठावीस जण, १५ गोरे, ७ गुलाम, ५ मलबारी आणि एक आफ्रिकन बाई. म्हणजे पहिल्या दिवसापासून आपल्या किनाऱ्याची पाच माणसं तिथे आहेत. मालक फ्रेंच, नंतर इंग्रज, राबणारे आफ्रिका-मादागास्करहून आणलेले, १८३५ ला गुलामी संपली. एकमेकांची भाषा येत नसलेल्या लोकांनी फ्रेंच शब्द घेऊन आपली भाषा घडवली. ती बरीच वर्षं अडाण्यांची बोली समजली जायची. १९८१ ला तिला राष्ट्रभाषेचा मान मिळाला आणि १९८२ पासून मुलं पहिली अक्षरं तिच्यातच गिरवतात. जसं बोलतात तसंच लिहितात. फ्रेंचमधला पक्षी वाझो, यांचा झ्वाझो. शहरात तीन पांढऱ्या पंखांचं एक शिल्प आहे, १९७८ चं, त्याचं नाव त्वा झ्वाझो, तीन पक्षी. म्हणजे आफ्रिका, युरोप, आशिया, जिथून ही माणसं आली.

मुत्या नाच चुकवू नका. रात्री शेकोटी पेटवतात, तिच्यावर बकऱ्याच्या कातड्याचे ढोल तापवून घेतात (आपण डफ शेकतो अगदी तसं) आणि बायका-पुरुष समोरासमोर नाचतात, एकमेकांना हात न लावता. मळ्यातले गुलाम दिवसाचं दुःख आणि मालकाविरुद्धचा राग गाण्यातून सांगायचे. इंग्रजांच्या काळात शहरात रात्री हे ढोल वाजवायला बंदी होती. २०२१ ला युनेस्कोच्या यादीत आला. आणि ताई, तुम्ही नशिबाने बरोबर आठवडा निवडलाय, ऑक्टोबरअखेर फेस्टिव्हल क्रेओल असतो, २८ तारीख क्रिओल दिवस. रिसॉर्टमध्ये बसून यातलं काही दिसलं नसतं.

आठवडीबाजार :
शाकाहारी जेवणाबद्दल मी सांगते, माझ्या सासूबाई पण नाही खात. डाळीला लांती म्हणतात, बहुतेक ठिकाणी असते, भात तर असतोच. नीरफणस, कच्च्या पपईची सातिनी, भोपळा, वांग्याची भजी हे सगळं मिळतं. पण दोन गोष्टी जपा. सातिनी रेकें म्हणजे शार्कची चटणी, पिवळसर चुरा दिसतो, खोबऱ्याची समजून घ्याल. आणि ब्रेड नावाचा पाल्याचा रस्सा साधा दिसला तरी त्यात मासा असू शकतो. वाक्य पाठ करा, "मों पा मांझ लाव्यान, पा मांझ प्वासों", मांस खात नाही मासे खात नाही. आपण त्यांच्या भाषेत बोललो की समोरच्या बाईचा चेहराच बदलतो. गोडात लादोब घ्या, केळी किंवा रताळं नारळाच्या दुधात, जायफळ-व्हॅनिला घालून, आपल्या रताळ्याच्या खिरीची बहीणच. दुपारचं जेवण शहरातल्या टेकअवेमधून घ्या, स्वस्त पडतं, पण लवकर जा, दोननंतर पातेली रिकामी. तरी सोबत मेतकूट आणि खाकरे असू द्या, रविवारसाठी.

दोनचाकी :
हे मुत्या वगैरे मला माहीतच नव्हतं. माझं मत मागे घेतो, तीन रात्री राहा.

पावशी :
किती लिहिलंत, खरंच आभार. बस, पैसे, व्हिसा याबद्दल दोन ओळी सांगाल का कोणी?

खारा_वारा :
व्हिसा लागत नाही, पण निघायच्या आधी ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथरायझेशन काढावं लागतं, फी आहे. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट हाताशी ठेवा. छोट्या गेस्टहाऊसलाही माणशी दर रात्री २५ सेशेल्स रुपये पर्यावरण कर आहे. तिथला एक रुपया आपल्या सहाएक रुपयांचा धरा. बस चांगली आहे, बरीचशी टाटाची गाडी, बसल्यावर पुण्याची आठवण येईल, पण मोठ्या बॅगा घेत नाहीत आणि संध्याकाळनंतर विरळ होते. बुधवारी संध्याकाळी बो व्हालोंला बाझार लाब्रिन भरतो, खाऊचे ठेले वाळूच्या कडेला, डोंगर ओलांडला की आलंच. तेवढा एक बीच पुरे तुम्हाला.

पावशी (परत आल्यावर) :
मंडळी, आलो काल. चार रात्री शहरात राहिलो आणि दोन प्रालँला, शनिवारची सकाळ अचूक साधली.

मंदिरात आई जितका वेळ बसली त्याच्या दुप्पट वेळ ती मार्केटमध्ये होती. मासळीच्या कट्ट्यापाशी गप्प उभी होती, मला वाटलं बाबांची आठवण येऊन त्रास होतोय, परत नेऊ का विचारलं तर म्हणाली थांब जरा, तो बांगडा बघ किती ताजा आहे, डोळे बघ त्याचे. मग भाजीवालीकडे नीरफणस दिसला आणि तिने मला बाजूला करून सरळ मालवणीतच विचारलं, ह्यो कसो करतत? ती बाई क्रिओलमध्ये सांगत होती, हाताने काप दाखवत होती, आई मान डोलवत होती आणि मिठाचं-हळदीचं आपलं सांगत होती, दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता पण दहा मिनिटं चाललं. शेवटी त्या बाईने पिशवीत चार बिलिंब्या वरून टाकल्या, पैसे घेतले नाहीत.

मुत्या बघितला. ढोल शेकताना आई म्हणाली शिमग्यात आमचे असेच शेकायचे. मिशन लॉजला पाऊस होता, तरी बसलो. ते दोनदा वाजणारं घड्याळ आमच्या खोलीतून ऐकू यायचं, पहाटे पाचचे दहा टोल मोजून आई उठायची. "पा मांझ प्वासों" तिने एकदाही अडखळत म्हटलं नाही.

गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरात तिने नीरफणसाची कापं केली, मालकीणबाईंना दिली. त्यांनी कृती लिहून मागितलीय, खारा_वारा, क्रिओलमध्ये "रवा" ला काय म्हणतात ते सांगाल का?