मदत हवी आहे: विज्ञानाचे सरच उत्क्रांती मानत नाहीत, लेकीला कसं सांभाळून घ्यावं?

मंडळी, चार ओळींत आटपेन म्हणून लिहायला बसले होते, पण लांबलंय. सांभाळून घ्या.

आम्ही देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला राहतो. थोरली लेक दहावीला आहे. गावातलीच मराठी शाळा, राज्य मंडळ. विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. जूनमध्ये व्हायचा तो सरांनी मागे ठेवला आणि आता पूर्वपरीक्षा तोंडावर आल्यावर घेतला. डीएनए, प्रतिलेखन, भाषांतरण सगळं झकास शिकवलं. उत्क्रांती आली तसं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे मार्कांपुरतं पाठ करा. मनावर घेऊ नका."

मग उरलेला तास डार्विनची उलटतपासणी. हा नुसता सिद्धान्त आहे, कोणी डोळ्यांनी पाहिलाय? माकडाचा माणूस झाला तर आपल्या बागा उद्ध्वस्त करणारी माकडं अजून माकडंच कशी? मधला दुवा कुणाला सापडलाय? आणि मरताना डार्विनने म्हणे स्वतःच सगळं मागे घेतलं होतं.

लेकीने हात वर केला. पुस्तकात माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा चर्मपर आणि देवमाशाचा पर अशी चित्रं शेजारी शेजारी आहेत. तिने विचारलं, "सर, कामं एवढी वेगळी, मग आतली हाडं सारखी का?" प्रश्न बरोबर होता, माझ्या मते वर्गातला त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न. सर म्हणाले, "तुझ्या आज्याला शेपटी होती का, ते आधी घरी विचारून ये." वर्ग फिदीफिदी हसला. मागच्या बाकावरची पोरं तेव्हापासून तिला 'शेपटी' म्हणतात. आणि ही पोरगी, जी स्वयंपाकघरात माझं डोकं प्रश्नांनी पिकवायची, ती आता गणिताच्या तासालाही गप्प असते.

सर वाईट आहेत असं कृपा करून समजू नका. गणित शिकवावं तर त्यांनीच. रविवारी जादा तास घेतात, एक पैसा घेत नाहीत. तौक्ते वादळात शाळेची कौलं उडाली तेव्हा गवंडी मिळेना, तर हे स्वतः शिडी लावून वर चढले होते. गावात त्यांचा शब्द मोठा. त्यामुळेच तर अडचण आहे. सासऱ्यांनी आधीच सांगून ठेवलंय, "मास्तरांक उलट बोलाक नको. ते सांगतत ता ऐकाचा." आणि विज्ञानाचे अंतर्गत वीस गुण सरांच्या हातात, हेही मनात येतंच.

मी स्वतः वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी केलंय, पण त्याला जमाना झाला. आता घरची आंब्याची कलमं बघते. परवा लेक म्हणाली, "सर म्हणतात पाठ कर, तू म्हणतेस समजून घे, मी पेपरात नक्की काय लिहू?" सरांशी बोलू का, बोलले तर कोणत्या तोंडाने? आणि पुस्तकाबाहेरचं, आपल्या इथलंच काही दाखवता येईल का, की ज्याने तिची गोडी परत येईल?

सड्यावरचा_वारा:
बोलायचं कसलं, सरळ शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्या. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे संविधानात मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलंय, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून. २०१८ मध्ये केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत डार्विन चुकीचा ठरवला, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून सुनावलं होतं की उत्क्रांतीच्या मूलभूत तथ्यांबद्दल विज्ञानात वादच नाही. त्याची प्रत जोडा.

माका_काय_वाटता:
पण तो धडा अभ्यासक्रमातून काढलाय ना? व्हॉट्सॲपवर वाचलं होतं.

खडू_फळा:
तो एनसीईआरटीचा, म्हणजे सीबीएसई शाळांच्या पुस्तकातला, दहावीचा धडा. त्यातला उत्क्रांतीचा भाग वगळला म्हणून २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं होतं. ताई म्हणतात तो राज्य मंडळाचा धडा, त्यात उत्क्रांती आहे.

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात विज्ञान शिकवूनच निवृत्त झालो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तक्रार देऊ नका. चौकशी येईल, सर दोन ओळींचा खुलासा देतील, आणि पुढचे तीन महिने तुमची लेक त्याच वर्गात बसेल. गावात शाळा एक.

आधी मार्कांचं. बोर्डाचा पेपर सर तपासत नाहीत, तो बाहेर जातो. अवशेषांगे म्हणजे काय, जोडणारे दुवे कोणते, नैसर्गिक निवड स्पष्ट करा, असले प्रश्न येतात, आणि त्यांचं उत्तर पुस्तकात आहे तेच. तिला सांगा, समजून घेतलेलं आणि पेपरात लिहायचं हे या धड्यात एकच आहे. अंतर्गत गुणांसाठी प्रयोगवही वेळेवर पूर्ण करून सही घ्या. कितीही रागावला तरी मास्तर त्यात हात घालत नाही, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो.

आता सरांचे मुद्दे. आजच्या माकडांपासून माणूस झाला असं कोणी म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक, साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा, तिथून दोन फांद्या फुटल्या. तुमच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ आजही हयात आहेत, म्हणून दोघांचे आजोबा एक नव्हते असं ठरतं का?

डार्विन वारला १८८२ साली. त्याने मरताना माघार घेतल्याची गोष्ट छापून आली १९१५ मध्ये, अमेरिकेतल्या एका धार्मिक पत्रात, लेडी होप नावाच्या बाईंच्या हवाल्याने. डार्विनची मुलगी हेन्रिएटा शेवटच्या दुखण्यात वडिलांजवळ होती. तिने १९२२ मध्ये लिहून कळवलं की या बाई तिथे नव्हत्याच. आणि समजा घेतली असती माघार, तरी काय? हाडं त्याच्या परवानगीने सारखी झालेली नाहीत.

मधल्या दुव्याचं तर फार सुंदर उदाहरण आहे. माशांपासून चार पायांचे प्राणी झाले असतील तर मधला प्राणी कोणत्या वयाच्या खडकात असायला हवा, याचा शास्त्रज्ञांनी आधी हिशेब मांडला. तसे खडक कॅनडाच्या उत्तर टोकाला उघडे आहेत, म्हणून तिथे जाऊन अनेक उन्हाळे खणलं. २००४ मध्ये टिकटालिक सापडला, ३७ कोटी वर्षांहून जुना. खवले माशाचे, पण मान वळणारी, आणि पुढच्या परांमध्ये खांदा-कोपर-मनगटासारखी हाडं. नुसत्या अंदाजाने एवढं नेमकं सापडत नाही.

नाट्यवेडा:
मी म्हणतो सरांना दशावतार सांगा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह... आपल्याकडे सगळं आधीच होतं. त्यांनाही पटेल, भांडण संपेल.

खडू_फळा:
भांडण संपेल, धडा मात्र कळणार नाही. नरसिंहापाशी गाडी अडते, सिंहापासून माणूस उत्क्रांत झालेला नाही. दशावतार रात्री देवळासमोर बघावा, मीही पहाटेपर्यंत बसतो. सकाळी वर्गात पुस्तक उघडावं.

पालवी:
ताई, तुम्ही कलमवाल्या आणि उदाहरण बाहेर शोधताय? मोहराची फवारणी चालू असेल ना? एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की तुडतुडे दाद देईनासे होतात, हे गावातला प्रत्येक बागायतदार सांगेल. आमचे काका म्हणतात "तुडतुडे औषधाक सवकले." इथेच मुलांची गल्लत होते. एकेक तुडतुडा औषधाला सरावत नाही. त्या थव्यात आधीपासून काही चिवट असतात, फवारणीत बाकीचे मरतात, चिवटांची पिल्लावळ वाढते. काकांचं म्हणणं म्हणजे लॅमार्क (जन्मात कमावलेला गुण पिल्लांत उतरतो म्हणणारा) आणि खरं घडतं ते डार्विन, दोघेही त्याच धड्यात आहेत! लेकीला पंपाजवळ उभं करून हे सांगा, दोन मार्कांचा फरक जन्मात विसरणार नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक दाखवा, पाळीगणिक औषध बदलतं ते उगाच नाही.

दुसरं म्हणजे ओहोटीला चिखलात निवट्या दाखवा. पुढच्या परांवर रेटत चालतात, कल्ल्यांच्या पिशवीत पाणी धरून ठेवतात, ओल्या कातडीतून श्वास घेतात. फक्त त्या आपल्या पूर्वज आहेत असं सांगू नका. त्या आजच्याच मासळीतल्या, चिखलावर यायची वाट त्यांनी त्यांची स्वतंत्र काढली. पण पाण्यातून बाहेर अर्धवट येऊनही जगता येतं, हे डोळ्यांना दिसतं.

खडू_फळा:
वा, तुडतुड्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ताई, सरांशी बोलायचं राहिलं. जरूर बोला, पण उत्क्रांतीवर नको. शेपटीवर बोला. ही दोन वेगळी भांडणं आहेत. डार्विन सरांच्या गळी उतरवणं तुमचं काम नाही, ते तुमच्याने होणारही नाही. पोरीवर अख्ख्या वर्गाला हसवलं आणि ती बोलायची बंद झाली, एवढंच सांगा. शिक्षकखोलीत चारचौघांत नको, एकटे असताना. शिडीवर चढणारा माणूस आहे, त्याला हे लागेल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारचा तास सुटल्यावर सरांना व्हरांड्यात गाठलं. डार्विनचं नावही काढलं नाही. शेपटीचं सांगितलं तर चपला घालता घालता थांबले. "मी गमतीत बोललो होतो" म्हणाले. मग विचारलं, "कोण कोण चिडवतं?" नावं मी दिली नाहीत. आज लेक सांगत होती, की वर्गात येऊन आधी मागच्या बाकांना झापलं आणि मग हिला फळ्यावर भूमितीचं प्रमेय सोडवायला बोलावलं. सोडवलं.

पण घोळ पुढेच आहे. लेकीने उत्साहाच्या भरात मधल्या सुट्टीत त्यांना तुडतुड्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण तुडतुडा शेवटी तुडतुडाच राहिला ना? त्याचं फुलपाखरू झालं का?" ती घरी येऊन मला विचारतेय आणि माझ्याकडे धड उत्तर नाही. काय सांगू?

खडू_फळा:
प्रश्न रास्त आहे, आणि सर आता प्रश्न विचारायला लागले हे उत्तम. आठ-दहा हंगामांत तुडतुडा तुडतुडाच राहणार. मोठ्या बदलाला काळही तसाच लागतो. देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालणारे, खूर असलेल्या प्राण्यांच्या कुळातले. तिथून पूर्ण पाण्यात जायला साधारण कोटभर वर्षं लागली. मधल्या पायऱ्यांचे जीवाश्म आपल्याच कच्छमध्ये मिळालेत, आणि देवमाशांचा जमिनीवरचा जवळचा नातलग इंडोहायस जम्मू-काश्मीरच्या खडकांत. तुमच्याकडे किनाऱ्यालगत डॉल्फिन दिसत असतील तर लेकीला शेपटी बघायला सांगा. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो. डॉल्फिन वर-खाली, कुत्रा धावताना पाठीचा कणा वाकतो तसाच.

पण हे तिला आत्ता सांगा, सरांना नको. पूर्वपरीक्षा होऊ दे, बोर्ड होऊ दे. मे महिन्यात पेटी घेऊन त्यांच्या घरी जा आणि मग काय तो वाद निवांत घाला.