मांज्यात सापडलेलं घुबड देऊन आलो, आता ते जन्मभर पिंजऱ्यातच राहणार का?

गच्चीवरची (मानेवाडा, नागपूर)

करीच्या दिवशी सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे फडफड ऐकू आली. जाऊन बघते तर गव्हाणी घुबड. पांढरा बदामी चेहरा, डोळे अर्धे मिटलेले. पाइपला नायलॉन मांजा गुंडाळलेला आणि त्यात त्याचा डावा पंख. शेजारच्या काकू खालूनच ओरडल्या, "हात नको लावू, घरात अवदसा येते." आमच्या सासूबाईंनी मात्र "लक्ष्मीचं वाहन आहे ते" म्हणत आपलं जुनं लुगडं आणून दिलं. यांनी पंखातला मांजा तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी कापला. मिक्सरच्या खोक्याला भोकं पाडली आणि आम्ही सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करतात तिथे) देऊन आलो.

परवा फोन केला. जखम भरतेय, पण पंख पूर्ण उघडत नाही. नाहीच उघडला तर सोडता येणार नाही, म्हणाले. मुलगा सातवीत आहे. गेल्या दिवाळीत गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाच्या सफारीसाठी हट्ट करणारा हाच, आता म्हणतो, "आई, आपण त्याला जेलमध्ये टाकलं." मला उत्तर देता आलं नाही. माझ्या लहानपणीचं महाराजबाग प्राणिसंग्रहालय आठवलं तर आठवतात ते फुटाणे आणि जाळीपलीकडे एकाच रेषेत फिरणारा बिबट्या.

प्राणिसंग्रहालयं जनावरांसाठी खरंच काही करतात का? ज्यांनी आत काम केलंय त्यांनी सांगावं. भाषणं नकोत, प्लीज.

सदरवाला_७७

मुलगा बरोबर बोलतोय. आपल्याकडे 'संवर्धन' हा शब्द तिकिटाच्या मागच्या बाजूला छापायला असतो. लोक येतात, वाघाला शिट्ट्या मारतात, सेल्फी काढतात, घरी जातात. जंगल वाचवा, मांजा थांबवा. पिंजरे कशाला हवेत?

पशुवैद्य_विदर्भ

ताई, मांजा ओढून काढला नाहीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक ओढतात आणि मग शिवायला काही उरत नाही.

पंख का उघडत नाही ते सांगतो. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा पातळ पडदा असतो. मांजा नेमका तिथे कापतो. हाड शाबूत असतं, जखमही भरते, पण भरताना पडदा आखडतो. मग पंख शेवटच्या चार बोटांएवढा ताणला जात नाही. पाहणाऱ्याला तो उडताना दिसेलही. पण गव्हाणी घुबड अंधारात उंदराचा आवाज ऐकून झेप घेतं, तेही बिनआवाज. एक पंख कमी पडला की झेप तिरपी जाते. असं घुबड सोडणं म्हणजे त्याला पंधरा दिवसांत उपाशी मारणं. अजून आशा सोडू नका, पंख हळूहळू ताणण्याचा व्यायाम देतात, कधीकधी फरक पडतो.

आणि घरी ठेवण्याचा विचार मनात आला असेल तर नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, शिवाय त्याला उंदीर कुठून आणून द्याल?

जुना_किपर

ताई, मी ३१ वर्षं प्राणिसंग्रहालयात किपर होतो, म्हंजे जनावरं सांभाळणारा. कुठं ते नाही सांगत. बोलतो तसंच लिहून राहिलो, शुद्धलेखन काढू नका.

लोकायले वाटते किपर म्हणजे मटण फेकणारा माणूस. सकाळी गेल्यावर पहिलं काम शी पाहणं. पातळ हाये का घट्ट, त्यात केस किती, काल दिलेल्यातलं काय उरलं, पाणी किती प्यालं. जनावर दुखणं लपवते. जंगलात दुखणं दाखवलं तं मेलंच समजा, ती सवय पिंजऱ्यात बी जात नाही. आमच्याकडं एक म्हातारी बिबटीण होती. दोन दिवस तिनं मऊ मऊ मांस खाल्लं अन् हाडं तशीच ठेवली. डाक्टरले म्हटलं, साहेब हिचा दात दुखून राहिला. ते हसले. मंग स्क्वीज पिंजऱ्यात (भिंत सरकवून जनावर दाबून धरते तो) घेऊन भूल दिली, तं सुळा मुळापासून सडलेला. काढला. आठवड्यानं ते हाड असं फोडलं तिनं, की मी घरी येऊन बायकोले सांगतलं.

मे महिन्यात नागपूर म्हणजे तुम्हाले माहीतच हाये. कूलर, हिरवी जाळी, पाण्याचे फवारे. अस्वलाले मी टरबूज पोखरून त्यात शेंगदाणे लपवून देत होतो. शोधायले त्याले तासभर लागे. तेवढा तासभर त्याच्या येरझारा बंद. तुम्ही बिबट्या एका रेषेत फिरताना पाहिला न, ते दुखणंच हाये, मनाचं. सिमेंटची जमीन, लपायले जागा नाही, समोर पब्लिक. मी ते रोज पाहिलं. आडोशाले बांबू लावा म्हून तीन वर्षं मागत होतो. तेवढ्यात गेटले दोनदा रंग लागला, बांबू काही आले नाहीत.

म्हून सदरवाले भाऊ, तुमचा राग खोटा नाही. पण सारं बंद करा म्हणता तं तीन पायांवरचा बिबट्या कुठं ठेवू? विहिरीतून काढलेलं, आईविना वाढलेलं, माणसाच्या हातची बाटली प्यालेलं पिल्लू? त्याले माणसाची भीतीच राहत नाही. सोडलं तं गावातच येईल अन् लोकं काठ्या घेऊन धावतील.

सदरवाला_७७

काका, मान्य. पण गोरेवाड्यात २०२४ च्या शेवटी बर्ड फ्लूनं ३ वाघ आणि १ बिबट्या गेले, ते काय होतं? वाचवायला आणलेलीच जनावरं होती ना ती.

जुना_किपर

होती. त्या बातमीच्या दिवशी मी जेवलो नाही, खोटं नाही सांगत. एका जागी जनावरं ठेवली की रोग बी एका जागी येते. बाहेरून आलेलं मांस तपासा, नव्या जनावराले वेगळं ठेवा, बूट बदला, हे नियम कागदावर साऱ्यायजवळ असतात. ज्याच्या हातात बादली असते त्या पोराले ते नीट शिकवलं पायजे. तो बहुतेक ठिकाणी कंत्राटी असते, चार महिन्यांत सोडून जाते.

पशुवैद्य_विदर्भ

पिंजऱ्यातून जंगलात परत जाण्याबद्दल एक गोष्ट. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात जंगलातले शेवटचे कंडोर (तिकडचं मोठं गिधाड) पकडले. पिंजऱ्यातले धरून जगात एकूण २७ उरले होते, सगळे कोंडलेले. सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांनी त्यांची पिल्लं वाढवली. पिल्लू माणसाला ओळखू नये म्हणून कंडोरच्या डोक्याची बाहुली हातात घालून भरवायचे. आज ५०० च्या वर आहेत, निम्म्याहून जास्त मोकळे. तरी शिकाऱ्यांच्या शिशाच्या गोळ्या मेलेल्या जनावरात राहतात, आणि ते खाऊन कंडोर अजून मरतात.

आपल्या गिधाडांचंही तेच. हरियाणात पिंजोरला वाढवलेली गिधाडं २०२४ च्या जानेवारीत पेंच आणि ताडोब्याला आणली, काही महिने मोठ्या जाळीत ठेवून मग सोडली. ती काही जगली, काही गेली. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे एकेक मोलाचं. ती संपली होती डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. हे औषध दिलेलं ढोर मेलं की ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. ती आली नसती तर पिंजोरमध्ये कितीही अंडी उबवली तरी आपण विषासाठीच पिल्लं वाढवत बसलो असतो. माझ्या गावाकडच्या गोठ्यात मी आजही त्याऐवजी गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅमच लिहून देतो, आणि मेडिकलवाल्यावर लक्ष ठेवतो.

जुना_किपर

ताई, घुबडाबद्दल राहून गेलं. नाहीच सुटलं तं त्यायले चार गोष्टी विचारा. बसायची दांडी किती उंच हाये? अर्धा पंख म्हून खाली पडते का? दिवसा अंधार भेटते का? जोडीले दुसरं गव्हाणी हाये का? अन् पब्लिकच्या समोर ठेवणार का मागच्या बाजूले? मागं ठेवत असन तं ते बरं. अन् पोराले सोबत न्या, प्रश्न त्यालेच विचारू द्या.

गच्चीवरची

काका, शनिवारी फोन करून विचारलं. सध्या पिंजऱ्याला पडदा आहे, दिवसा अंधार असतो. दांडी खाली घेतलीय. दुसरं गव्हाणी नाही. पंखाचा व्यायाम चालू आहे, महिन्यानं ठरवू म्हणाले.

तुमचे प्रश्न मुलानं वहीत लिहून घेतलेत. जेलचं अजून मागे घेतलेलं नाही, पण दोन दिवसांपासून गच्चीवरचा आणि समोरच्या कडुलिंबावरचा मांजा गोळा करतोय. संत्र्याएवढा गोळा झालाय. टाकीच्या पाइपवरचा तेवढा राहिलाय, तिथं त्याचा हात पोचत नाही, आणि यांना रविवारशिवाय वेळ नाही.