दूरसंचार कंपनीत माहिती प्रणालींचे नियोजन व्यवसायाच्या धोरणाशी कसे जुळवावे?

सह्यकडा (प्रश्न):
मी एका दूरसंचार कंपनीच्या आयटी विभागात नियोजनाचे काम पाहतो. आमचा तीन वर्षांचा आराखडा संचालक मंडळाने संमत केला आहे. तरीही मार्केटिंगची नवी योजना आमच्यापर्यंत पोहोचते ती जाहिरातीची तारीख ठरल्यावर, आणि मग बिलिंग प्रणालीला घाईघाईने ठिगळे लावावी लागतात. हा आराखडा धोरणाला धरून राहावा यासाठी काय करावे?

इंद्रायणीकाठ:
कोणती प्रणाली केव्हा घ्यायची एवढेच बहुतेक आराखडे सांगतात, पण या धंद्यात धोरण बदलते ते ग्राहकाकडून पैसे कशाचे आणि कसे घ्यायचे या ठिकाणी. 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदावर आकारणी सुरू केली आणि इतर कंपन्यांनाही त्या वाटेने जावे लागले. अशा वेळी आकारणीची पल्स, म्हणजे किती सेकंदांना एक एकक धरून पैसे लावायचे ते, दरांच्या तक्त्यात नोंदलेली असेल, तर तो तक्ता बदलून भागते. ती प्रोग्राममध्येच पक्की केलेली असेल, तर जुनी प्रत्येक योजना नव्याने तपासावी लागते. म्हणून आकारणीचे एकक, मुदत, सवलत आणि सर्कल (दूरसंचार सेवेचा प्रादेशिक विभाग) यांपैकी काय किती दिवसांत बदलता आले पाहिजे, हे मार्केटिंगकडून आधी लिहून घ्यावे. माझ्या मते आराखड्याचा गाभा हाच आहे.

बिलिंगकर:
यात नियामकाची भर घालतो. जानेवारी 2022 मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला किमान एक योजना 30 दिवसांची आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवायला सांगितले. मुदत केवळ 28 दिवसांच्या हिशेबात मोजणाऱ्या प्रणालीला यासाठी कॅलेंडर कळावे लागते, कारण 31 तारखेला रिचार्ज केलेल्या ग्राहकाचे फेब्रुवारीत काय करायचे, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

इंद्रायणीकाठ:
हे उदाहरण नेमके आहे. खर्चाची मांडणीही विसरू नये. भारती एअरटेलने 2004 मध्ये आयटीचे काम आयबीएमकडे सोपवताना मोबदला उत्पन्नाशी जोडला होता, त्यामुळे ग्राहक वाढण्यात पुरवठादाराचाही स्वार्थ होता. मात्र दर कसे बांधले आहेत याचे ज्ञान कंपनीच्याच माणसांकडे राहिले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

सह्यकडा:
आपणा दोघांचे मनापासून आभार. दर ठरवणाऱ्या बैठकीत बिलिंगचा माणूस पहिल्या दिवसापासून असावा, असा लेखी प्रस्ताव मी या आठवड्यात देतो आणि बदलांची यादी त्याला जोडतो.