मदत हवी आहे : तागाच्या शेंगांत केसाळ अळी, फवारू का?

नमस्कार मंडळी,

उसाआधी हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला होता. फुलोऱ्यावर आल्यावर गाडला, पण बांधालगतच्या दोन ओळी बियाण्यासाठी राखल्या. आता शेंगा भरताहेत आणि त्यांना गोल भोकं पडली आहेत. उकलून पाहिलं तर आत अळी बसलेली: काळपट अंग, पाठीवर पांढरी रेघ, जागोजागी नारिंगी ठिपके, विरळ केस. दाण्यांचा नुसता भुसा. आधी पानं खायच्या, शेंगा धरल्या तशा आत घुसल्या.

त्या ओळींतून चाललं की पायाशी छोटे पांढरे पतंग उडतात, तेही भर दुपारी. पंखांवर लाल-काळे ठिपके, छापील लुगड्यासारखे. दोन हात उडून पुन्हा गवतात बसतात. नेटवर युटेथायसा पुल्केला नावाच्या पतंगाचे फोटो जुळताहेत. अळी याचीच का? आणि एरवी घाटेअळीवर तुटून पडणाऱ्या कोंबड्या ही चोचीत धरून टाकून का देतात?

प्रतिसाद :
हो, त्याचीच. तागाचं जुनं गिऱ्हाईक आहे ते. मादी पानांवर अंडी घालते. वाढ पुरी झाली की अळी पालापाचोळ्यात विरळ धाग्यांचा कोष करते.

कोंबड्यांचं म्हणाल, तर तागात पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं असतात. ही अळी ते विष पचवून अंगात साठवते आणि पतंग झाल्यावरही ते टिकतं, म्हणून भर दुपारी असा बिनधास्त हिंडतो. याच्या अमेरिकेतल्या भाऊबंद जातीवर कीटकशास्त्रज्ञ टॉमस आयसनर यांनी काम केलंय. तिथे जाळ्यात अडकलेला पतंग कोळी स्वतःच धागे तोडून सोडून देतो! नर मीलनाच्या वेळी विषाचा वाटा मादीला देतो आणि ती तो अंड्यांत उतरवते.

दोन ओळींसाठी औषध कशाला आणता? तसंही शेंगेच्या आत फवारा पोचत नाही. भोकं पडलेल्या शेंगा तोडा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका, बुंध्याजवळचा पाचोळा उचला. आसपास भुरुंडीचं तण आहे का? तिच्यावरही ही अळी वाढते.

धागाकर्ता :
आभारी आहे, आजच वेचायला घेतो. भुरुंडी ओढ्याकडेला रग्गड आहे. ती उपटावी की राहू द्यावी? तिथेच थारा मिळाला तर पतंग तागाकडे कमी येतील, असा माझा हिशोब. कुणी करून पाहिलंय का?