वृद्धाश्रमात फ्लू शिरला की आधी भेटीच बंद का?

धागाकर्ती (परिचारिका, कोल्हापूर):
मागच्या पावसाळ्यात शहरातील एका वृद्धाश्रमात फ्लू शिरला आणि पहिला निर्णय झाला तो नातेवाइकांना फाटकावरच थांबवण्याचा. मला तो पटलेला नाही. ७२ तासांत दोघांना सारखीच लक्षणे दिसली आणि एकाचा अहवाल इन्फ्लूएन्झाचा आला, की साथ धरून चालावे. पण उतारवयात ताप चढेलच असे नसते. एका आजोबांनी दोन दिवस आमटीत कुस्करलेली भाकरी तशीच ठेवली होती आणि ते मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारत होते, थर्मामीटरचा पारा मात्र ढळला नव्हता. हा बदल ओळखला तो भेटीला आलेल्या त्या मुलीनेच.

प्रतिसाद १ (वृद्धाश्रम व्यवस्थापक):
ताई, सहमत नाही. आमच्याकडे एका दालनात दहा खाटा आणि वेगळी खोली एकच आहे. बाधित माणूस लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू शकतो, त्यामुळे फाटकावर ताप मोजून काही साधत नाही. पंचगंगेची पातळी वाढते त्याच दिवसांत फ्लूही वाढतो. तेव्हा आठवडाभर भेटी थांबवणे मला क्रूर वाटत नाही.

धागाकर्ती:
मग हाच न्याय मावशींना का नाही? अंग कणकणत असतानाही रोज बुडेल म्हणून त्या येतात आणि दहाही खाटांवरच्या माणसांना पुसतात, भरवतात. त्यांना पगारी रजा द्या. पावसाळ्याच्या निदान दोन आठवडे आधी सर्वांना लस द्या, कारण तिचा परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतो. साथ सुरू झाल्यावर आजाऱ्यांना शक्यतो ४८ तासांच्या आत ऑसेल्टामिविर हे फ्लूविरोधी औषध आणि उरलेल्या रहिवाशांना त्याचीच प्रतिबंधक मात्रा मिळायला हवी.

प्रतिसाद २ (निवृत्त डॉक्टर):
लस आणि रजा मान्य. गोळ्या सरसकट वाटण्याला माझा विरोध आहे. मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्रा कमी करावी लागते आणि साथीच्या धांदलीत मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारा रक्तातला क्रिएटिनिन कोणाचा किती, हे कोण शोधणार?

धागाकर्ती:
डॉक्टरसाहेब, म्हणूनच ती तपासणी मे महिन्यातच करून प्रत्येकाची मात्रा आपल्यासारख्यांकडून कागदावर लिहून घ्यावी.

प्रतिसाद १:
कागद तयार ठेवतो. मास्क लावून, हात धुऊन एका रहिवाशाला एकच नातेवाईक भेटेल, हेही करून पाहतो. मात्र दालनात नाही, व्हरांड्यात. मावशींच्या रजेचे पैसे कोठून आणायचे, ते मला अजून सुचलेले नाही.