सल्ला हवा: लाल चिकणमातीतले आरईई (दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये) ऑक्साइडवर की माशांच्या दातांत?

गाळणी:
मध्य हिंदी महासागर खोऱ्यातला कोअर (समुद्रतळातून काढलेला गाळाचा उभा दंडगोल), खोली साधारण ५००० मीटर. १५ नमुने, प्रत्येकी ५ ग्रॅम, सगळे वाळवलेले. आरईई लोह-मँगनीज ऑक्साइडवर बसलेत की माशांच्या दात-हाडांत, एवढंच ठरवायचंय. आयसीपी-एमएसचं (मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचं) शुल्क धरून ४० हजारांच्या वर जाता येणार नाही. टप्प्याटप्प्याने लीचिंग (रसायनांनी एकेक घटक विरघळवणं) करू की दात निवडू?

खोलपाणी:
आधी गाळातलं पाणी काढा. ०.१५ मायक्रॉनचे रायझॉन (गाळातून पाणी ओढणारे बारीक फिल्टर), कोअर वर येताच ४ अंशांवर, आणि लगेच शुद्ध नायट्रिकने पीएच २ च्या खाली. आरईई ऑक्साइडवरून सुटून अ‍ॅपेटाइटकडे (दात-हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट) जातात ते याच पाण्यातून. वाट सोडून मुक्काम काय मोजताय?

गाळणी:
नमुने वाळवलेले आहेत, वर लिहिलंय.

खोलपाणी:
मग पुढच्या सफरीत. रायझॉनच घ्या.

चौथाटप्पा:
लीचिंगच करा. आधी अ‍ॅसेटिक, मग ०.०४ मोलर हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड २५ टक्के अ‍ॅसेटिक आम्लात, ९६ अंशांवर ६ तास. ऑक्साइड सुटतं, उरलेल्यात अ‍ॅपेटाइट. स्वस्त आणि सोपं.

दंतकथा:
सोपं आहे, म्हणूनच फसवतं. त्या द्रावणाचा पीएच २ च्या आसपास असतो आणि अ‍ॅपेटाइटही त्यात विरघळतं. म्हणजे दातांचे आरईई 'ऑक्साइड'च्या खात्यात जमा! शिवाय सुटलेले आरईई उरलेल्या कणांवर पुन्हा चिकटतात, त्यामुळे आधीचा टप्पा कमी दिसतो आणि नंतरचा फुगतो. लीचिंग करायचंच तर प्रत्येक द्रावणात फॉस्फरस, कॅल्शियम, मँगनीज, लोह मोजा. 'ऑक्साइड'च्या टप्प्यात फॉस्फरस दिसला की समजा घोळ झालाय.

माझं मत दात निवडण्याचं. जिवंत माशाच्या दातात आरईई नगण्य असतात, गाळात पडून राहिलेल्या दातात हजारो पीपीएम. गाळ जितका सावकाश साचतो, तितका दात तळाच्या पाण्याजवळ जास्त काळ राहतो. आधी डीआयोनाइज्ड पाण्याने मीठ धुवा, मग २० मायक्रॉनच्या चाळणीवर ओलं चाळा. ६३ ची चाळणी वापरली तर बारीक तुकडे निसटतात. मग २.९ घनतेचं सोडियम पॉलिटंगस्टेट (जड द्रव): क्वार्ट्झ, फेल्डस्पार वर तरंगतात, अ‍ॅपेटाइट (३.१ ते ३.२) तळाशी बसतं. गाळ सुटा करायला कॅलगॉन अजिबात नको, त्यात फॉस्फेटच असतं.

बेरियमबाई:
आणि तळाशी बॅराइटही (बेरियम सल्फेट) बसतं! घनता ४.५. दाण्याबरोबर बेरियम गेलं की १३५ बेरियमचं ऑक्साइड १५१ युरोपियमवर आणि १३७ चं १५३ वर मोजलं जातं, वस्तुमान सारखंच. युरोपियमची खोटी धन विसंगती (शेजारच्या आरईईंच्या मानाने जास्त प्रमाण) दिसते आणि लोक त्यावर हायड्रोथर्मलच्या (समुद्रतळातल्या गरम झऱ्यांच्या) गोष्टी रचतात. बेरियमचं वेगळं द्रावण चालवून ऑक्साइडचं प्रमाण काढा, मग वजा करा.

शब्दवेडा:
'दुर्मिळ' कसले? पृथ्वीच्या कवचात सेरियम तांब्यापेक्षा कमी नाही.

चौथाटप्पा:
विषय तो नाही. आणि पॉलिटंगस्टेटची किंमत बघितलीत का? मर्यादा ४० हजार आहे.

दंतकथा:
ते आटवून परत वापरता येतं. फक्त कॅल्शियम लागू देऊ नका, नाहीतर कॅल्शियम टंगस्टेटचा पांढरा साका. साधं नळाचं पाणी त्यासाठी पुरेसं आहे.

बेरियमबाई:
लेझर अ‍ॅब्लेशन (लेझरने कण उडवून मोजणं) करा, एकेक दात मोजता येतो.

गाळणी:
ठरवलं. दात नकोत, टप्पेही नकोत. १५ही नमुन्यांचं हायड्रोफ्लोरिक-नायट्रिक-परक्लोरिकमध्ये पूर्ण विघटन, सोबत प्रमाण म्हणून जेएमएस-२ (आकडे आधीच माहीत असलेला संदर्भ गाळ). मग यिट्रियम विरुद्ध फॉस्फरस आणि सेरियम विरुद्ध मँगनीज असे दोन आलेख.

दंतकथा:
त्याने सहसंबंध कळेल, आरईई नेमके कुठे बसलेत ते नाही. करणारच असाल तर सेरियमची विसंगती लँथनमवरून काढू नका, लँथनम स्वतःच विसंगत असतं. अपेक्षित सेरियम म्हणून प्रासिओडिमियमचा वर्ग भागिले निओडिमियम घ्या, सगळे पीएएएसने (ऑस्ट्रेलियन शेल खडकाची सरासरी) सामान्यीकृत. ऑक्साइडवर सेरियम चढतं, अ‍ॅपेटाइटमध्ये पडतं, आणि एकूण गाळात दोन्ही एकमेकांना झाकतात. म्हणून मोजलेलं भागिले अपेक्षित सेरियम १ च्या जवळ, म्हणजे विसंगती नाही असं, आलं तर लगेच खूश होऊ नका.

चौथाटप्पा:
फ्लोराइडचं बघा. आरईईचे फ्लोराइड विरघळत नाहीत. नायट्रिक घालून दोन-तीनदा पूर्ण कोरडं केलं नाही तर तळाशी पांढरं राहतं आणि जेएमएस-२ चे आकडे कमी येतात.

नवखा_७:
वरचं सगळं वाचलं नाही, पण दात निवडा.