आजीच्या शाळिग्रामात गोगलगाय?

प्रश्न: परवा देव पुसताना आजीचा शाळिग्राम हातातून निसटला आणि दोन तुकडे झाले. (आईला अजून सांगितलेलं नाही!) आत गोगलगायीसारखं वेटोळं आहे, वर बरगड्यांसारख्या रेघा. आजीने तो मुक्तिनाथहून आणला होता. एवढ्या उंच डोंगरात हे कुठून आलं?

उत्तर १: ताई, तो अमोनाइट, म्हणजे एका नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म. दिसायला गोगलगाय, पण नातं माखलीशी. तिथली काली गंडकी नदी हे गोटे ज्या काळ्या शेलमधून (चिखल दबून झालेल्या खडकातून) धुऊन आणते, तो शेल म्हणजे साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा टेथिस नावाच्या जुन्या समुद्राच्या तळाचा गाळ. पुढे भारत आशियाला धडकला आणि तो तळ हिमालयात उचलला गेला. भिंगातून बघा, आत कप्पे असतील. प्राणी फक्त शेवटच्या कप्प्यात राहायचा, बाकीच्यांतला वायू त्याला तरंगत ठेवायचा. आणि गाळ इतका बारीक, म्हणजे तिथलं पाणी बऱ्यापैकी संथ असणार. लाटांच्या माऱ्यात वाळू-गोटे साचले असते.

प्रश्नकर्ती: बाप रे! मग आमच्या भोरच्या डोंगरात मिळेल का असा?

उत्तर १: नाही हो, तिथे सगळा लाव्हाचा काळा पाषाण. मध्य प्रदेशात बाघच्या आसपास मात्र क्रेटेशियस काळातल्या (डायनासोरांच्या शेवटच्या युगातल्या) समुद्राचे खडक आहेत, त्यांत अमोनाइट सापडतात.

उत्तर २: आमचे गुरुजी म्हणतात, भंगलेला शाळिग्रामही पूजेला चालतो. आईला सांगून टाका.

प्रश्नकर्ती: सांगितलं. आधी ओरडली, मग भिंग मागितलं.